अनाथोथचे खरेदीखत
(आगमनकाळासाठी शास्त्राभ्यास)

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:१-४४; ३३:१०-१६; इफिस. १:१३-१४

आगमनकाळ म्हणजे नाताळची पूर्वतयारी, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. डिसेंबर उजाडला की मंदिराला रंगसफेदी, घरोघरी करंज्या-शंकरपाळ्यांची गडबड, तरुणसंघाच्या गाण्यांच्या तालमी आणि मुलांच्या नाटुकल्याची जमवाजमव सुरू होते. हे सर्व चांगलेच आहे. परंतु ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा जो रविवार, त्या दिवसापासून नाताळपर्यंतचे हे चार रविवार मंडळीने निराळे काढून ठेवले, ते केवळ एका सणाची वाट पाहण्यासाठी नव्हे. प्रभू आला याचे स्मरण आणि प्रभू पुन्हा येणार याची अपेक्षा, अशा दोन गोष्टी या काळात एकत्र गुंफलेल्या आहेत. मिशनच्या जुन्या परंपरेतल्या काही मंडळ्यांत आगमनकाळ पाळण्याची चाल पूर्वी नव्हती. त्यामुळे पहिल्या आगमन रविवारी गव्हाणीऐवजी शेवटल्या दिवसांविषयीचा पाठ वाचला गेला की लोक जरा दचकतात. सूर्य, चंद्र, तारे यांतली चिन्हे (लूक २१) आणि बाळ येशू यांचा मेळ कसा घालावा, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही कोडे पडते.

अनेक देशांतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या जी तीन वर्षांची पाठावली वापरतात, तिच्यात तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या आगमन रविवारी लूक २१ च्या जोडीला यिर्मयाच्या ३३ व्या अध्यायातली तीन वचने नेमली आहेत. परमेश्वर दाविदाच्या कुळात नीतिमान अंकुर उगवील, तो देशात न्याय व नीती चालवील, असे तेथे अभिवचन आहे. हे वाचताच आपल्याला ख्रिस्त आठवतो, आणि ते योग्यच आहे. मात्र हे अभिवचन कोठे उच्चारले गेले याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याच अध्यायाचे पहिले वचन पाहावे. संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. आणि त्याच चौकात, थोड्याच दिवसांपूर्वी, त्याने एक शेत विकत घेतले होते. अंकुराचे अभिवचन समजून घ्यावयाचे तर आधी ते खरेदीखत वाचले पाहिजे. म्हणून या महिन्याचा आपला अभ्यास ३२ व्या अध्यायावर आहे.

प्रथम काळ लक्षात घ्या. सिद्कीया राजाचे दहावे वर्ष चालू होते, म्हणजे इ. स. पू. ५८८-५८७ च्या सुमारास. नबुखद्रेस्सराच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता. मध्यंतरी मिसराच्या फारोची फौज निघाल्याची वार्ता आली, तेव्हा खास्दी थोडे मागे सरले होते (यिर्म. ३७:५). त्या सवडीत यिर्मया आपल्या वाटणीच्या काही कामासाठी बन्यामिनाच्या प्रांतात निघाला असता वेशीवरच पकडला गेला. शत्रूला फितूर होऊन पळतो आहे, असा त्याच्यावर आरोप आला. मार बसला, तळघरात टाकला गेला, आणि पुढे राजाच्या हुकमाने पहारेकऱ्यांच्या चौकात ठेवला गेला. तेथे त्याला भटारआळीतून रोज एक भाकर मिळे, तीही नगरात भाकरी होती तोपर्यंत (३७:२१).

नगराबाहेरची स्थिती काय होती? यहूदाच्या तटबंदीच्या गावांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती, असे यिर्मया ३४:७ मध्ये आहे. लाखीशच्या जागी १९३५ साली उत्खननात खापरांवर शाईने लिहिलेली काही पत्रे सापडली. त्यांतल्या एका पत्रात चौकीवरचा मनुष्य आपल्या वरिष्ठाला कळवतो की, आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे नजर लावून आहोत, अजेका मात्र आम्हाला दिसत नाही. अजेका त्या वेळी पडले होते की नाही याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. परंतु एकेक दिवा विझत असता उरलेल्या दिव्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसांचे हे अक्षर आहे, एवढे खास.

अशा वेळी यिर्मयाचा चुलतभाऊ हनामेल त्या चौकात येतो आणि म्हणतो, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. सोडवणुकीचा हक्क तुझा आहे. अनाथोथ हे याजकांचे गाव, यरुशलेमेच्या ईशान्येस पाचएक किलोमीटरांवर. म्हणजे ते खास्द्यांच्या छावणीच्या टापूतच आले. ज्या जमिनीवर शत्रूचे तंबू उभे आहेत, ती जमीन हनामेल विकावयास निघाला होता, आणि तीही कैदेत असलेल्या माणसाला! लेवीय २५ च्या नियमाप्रमाणे भाऊबंद अडचणीत येऊन जमीन विकू लागला तर जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी, वतन घराण्याबाहेर जाऊ देऊ नये, असे होते. बवाजाने रूथच्या बाबतीत हेच केले. हनामेलाला पैशाची नड होती की काय, हे शास्त्र सांगत नाही. पण भावकी कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे. याच अनाथोथच्या माणसांनी पूर्वी यिर्मयाला, संदेश देणे थांबव नाहीतर मरशील, अशी धमकी दिली होती (११:२१). घरच्यांनीही त्याचा विश्वासघात केला होता (१२:६). आता जमीन गळ्यात मारावयाची झाली तेव्हा नाते आठवले, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येत नाही.

यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तोलून दिले. त्या काळी यहूदात नाणी चालत नव्हती. रुपे ताजव्यात घालून वजनाने देत. एक शेकेल म्हणजे सुमारे ११ ग्रॅम धरला तर हे १९० ग्रॅमच्या आसपास होते. तुलनेसाठी पाहा : अब्राहामाने मकपेलाचे शेत व गुहा ४०० शेकेलांना घेतली, दाविदाने खळे व बैल मिळून ५० शेकेलांना घेतले, योसेफाला त्याच्या भावांनी २० शेकेलांना विकले. सतरा ही लहान रक्कम होती. परंतु वेढ्यात सापडलेल्या, दिवसाला एका भाकरीवर जगणाऱ्या कैद्याजवळ दुसरे रुपे असेल असे वाटत नाही. ते सतरा शेकेल भाकरीच्या मोलाचे होते.

आता व्यवहाराचा तपशील पाहा. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात इतका कारकुनी तपशील का यावा, असे प्रथम वाटते. खत लिहिले, त्यावर मोहर केली, साक्षीदार घेतले, रुपे तोलले. मोहर केलेली एक प्रत आणि एक उघडी प्रत, अशा दोन प्रती झाल्या. त्या चौकात बसलेल्या सर्व यहूद्यांच्या देखत त्या नेरीयाचा पुत्र बारूख याच्या हवाली केल्या. आणि मग आज्ञा दिली की ही दोन्ही खते मातीच्या पात्रात ठेव, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील.

ही पद्धत त्या देशात पुढेही दीर्घकाळ चालू होती. १९६१ साली मृत समुद्राच्या पश्चिमेकडील एका गुहेत यिगाएल यादीन यांना बाबाथा नावाच्या यहूदी स्त्रीची कागदपत्रे सापडली. ती ख्रिस्तानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतली आहेत. त्यांतल्या कित्येक दस्तऐवजांवर तोच मजकूर दोनदा लिहिलेला आहे : वरचा भाग गुंडाळून दोऱ्याने शिवून बंद केलेला, आणि खालचा भाग वाचण्यासाठी उघडा. उघड्या भागात कोणी खाडाखोड केली अशी शंका आली तर शिवण सोडून आतली प्रत पाहावयाची. मातीच्या पात्रांचे म्हणाल तर कुमरान येथे १९४७ साली सापडलेल्या गुंडाळ्या तशाच पात्रांत जवळजवळ दोन हजार वर्षे राहिल्या. यिर्मयाने सांगितलेली युक्ती कच्ची नव्हती.

शत्रूने व्यापलेली जमीन विकत घेण्याचा आणखी एक प्रसंग इतिहासात प्रसिद्ध आहे. इ. स. पू. २११ मध्ये हॅनिबालने रोम शहराजवळ तळ दिला होता. त्याचा तळ ज्या जमिनीवर होता ती जमीन त्याच वेळी रोममध्ये विकली गेली, आणि किंमत मुळीच कमी झाली नाही, असे लिवी हा रोमन इतिहासकार सांगतो. टीकाकार या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतात, पण मला त्यांतला फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. रोमन माणसाला आपल्या सैन्याचा भरवसा होता. शत्रू हटणार, असे त्याला वाटत होते आणि तसेच झाले. यिर्मयाला आपले सैन्य हरणार हे ठाऊक होते! नगर पडेल, राजा धरला जाईल, मंदिर जळेल, असे तो चाळीस वर्षे सांगत आला होता आणि त्यासाठीच कैदेत होता. परिस्थिती सुधारेल या अंदाजावर त्याने ते शेत घेतले नाही. परिस्थिती बिघडणार, पूर्ण बिघडणार, हे जाणून त्याने ते घेतले.

शिवाय हे शेत तो कोणासाठी घेत होता? त्याला बायको नव्हती, मुले नव्हती. लग्न करू नको अशी त्याला परमेश्वराची आज्ञाच होती (१६:२). योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, त्याला पाचारण झाले होते. तेव्हा तो तरुण होता. आता साठीच्या घरात आला असावा. आणि बंदिवास सत्तर वर्षांचा होणार हे त्यानेच बाबेलच्या बंदिवानांना लिहून कळवले होते (२९:१०). साध्या हिशेबाने पाहता या शेतात तो कधी नांगर घालणार नव्हता, आणि त्याच्यामागे घालणारा मुलगाही नव्हता.

ख्रिस्ती आशा म्हणजे काय, हे समजावून सांगताना आपण पुष्कळदा तिला उमेदीच्या किंवा धीराच्या जागी बसवतो. ‘सर्व ठीक होईल, देव आहे’ असे आपण आजाऱ्याच्या खाटेजवळ म्हणतो, नोकरी गेलेल्या मुलाला म्हणतो. मनात दया असते म्हणून म्हणतो. परंतु यिर्मयाच्या काळी हेच बोलणाऱ्या एका माणसाची गोष्ट २८ व्या अध्यायात आहे. हनन्याने सर्व लोकांसमोर मंदिरात सांगितले की दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल, मंदिराची पात्रे परत येतील, बंदिवान परत येतील. किती गोड संदेश! यिर्मयाने प्रथम ‘आमेन, परमेश्वर तसे करो’ अशाच अर्थाचे उत्तर दिले. त्यालाही तसे व्हावयास हवेच होते. पण ते खरे नव्हते, आणि हनन्या त्याच वर्षी मेला. खोट्या आशेचे नुकसान असे की ती खोटी ठरली म्हणजे माणूस खऱ्या आशेवरही विश्वास ठेवत नाही. दोन वर्षे वाट पाहून लोकांनी काय केले असेल? ज्या मंडळीत दर वर्षी ‘या वर्षी मोठे संजीवन होणार’ असे घोषित केले जाते, तेथल्या जुन्या सभासदांचे चेहरे पाहावेत.

आता ३२ व्या अध्यायातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. खत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मयाने प्रार्थना केली (वचने १६-२५). क्रम लक्षात ठेवा : सही आधी, प्रार्थना नंतर. आणि ती प्रार्थना आनंदाची नाही. आरंभ मोठ्या स्तुतीने होतो. आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या तुला काहीच अवघड नाही, असे तो म्हणतो. मग मिसर देशातून सुटका, वचनदत्त देश, लोकांची अवज्ञा, असे करत करत तो आपल्या डोळ्यांसमोरच्या मोर्च्यांपर्यंत येतो. नगर तर खास्द्यांच्या हाती चालले आहे, आणि तू मला सांगतोस, शेत घे आणि साक्षीदार बोलाव! एवढे बोलून तो थांबतो. प्रार्थना तेथेच संपते. प्रश्नचिन्ह घातलेले नाही इतकेच.

मनातला सर्व संशय फिटल्याशिवाय विश्वासाचे पाऊल टाकता येत नाही, अशी शिकवण काही ठिकाणी दिली जाते. ती या अध्यायाशी जुळत नाही. यिर्मयाने आज्ञा पाळली आणि मग, कोणी नसताना, देवाजवळ जाऊन आपला गोंधळ मांडला. देवाने त्याला रागे भरले नाही. उलट त्याचेच शब्द घेऊन उत्तर दिले : मला काही अवघड आहे काय? (वचन २७). मात्र त्या उत्तराचा पुढला भाग मऊ नाही. नगर जळेल, ज्या घरांच्या धाब्यांवर बआलाला धूप जाळला ती घरे जळतील. त्यातून काहीही वजा होत नाही. न्याय होऊन गेल्यावरच लोक परत आणले जातील, त्यांना एकच हृदय व एकच मार्ग दिला जाईल, सर्वकाळचा करार होईल.

त्या उत्तराचा शेवट कसा होतो, हे शिक्षकांनी मुद्दाम वाचावे. बन्यामिनाच्या प्रांतात, यरुशलेमेच्या आसपास, यहूदाच्या गावांत, डोंगराळ मुलखात, तळवटीत आणि दक्षिणेकडे लोक मोल देऊन शेते विकत घेतील, खते करतील, मोहर लावतील, साक्षीदार घेतील. म्हणजे काय, तर तालुक्याच्या कचेरीत पुन्हा गर्दी होईल! ३३ व्या अध्यायात त्यात भर पडते : ओसाड गावांत पुन्हा नवरानवरीचा शब्द ऐकू येईल, उपकारस्तुतीचे अर्पण घेऊन येणाऱ्यांचा शब्द ऐकू येईल, आणि मेंढपाळाच्या हाताखालून मेंढरे मोजली जातील (३३:११-१३). हे नवरानवरीचे शब्द बंद पडतील असे याच संदेष्ट्याने पूर्वी सांगितले होते (७:३४). देवाच्या आशेचे चित्र लग्नघर, मेंढवाडा आणि खरेदीखत यांचे आहे.

आणि येथेच, त्याच चौकात, अंकुराचे अभिवचन येते. त्यात एक नाव आहे : ‘परमेश्वर आमची नीतिमत्ता’. २३ व्या अध्यायात ते येणाऱ्या राजाचे नाव आहे. येथे ते यरुशलेमेचे नाव झाले आहे. राजाचे नाव प्रजेला मिळाले, नवऱ्याचे नाव नवरीला मिळावे तसे. हे नाव मूळ इब्रीत वाचले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तेव्हा गादीवर असलेल्या राजाचे नाव सिद्कीया. त्याचाही अर्थ ‘परमेश्वर माझी नीतिमत्ता’ असाच. नावात नीती असलेला हा राजा संदेष्ट्याला गुपचूप बोलावून विचारी, ऐके, आणि सरदारांच्या भीतीने काहीच करत नसे. नगर पडल्यावर रिब्ला येथे त्याच्या मुलांचा त्याच्या डोळ्यांदेखत वध झाला, मग त्याचे डोळे काढले. सिद्कीयाच्या कैदखान्यात बसून यिर्मयाने सांगितले की, या नावाचा खरा अर्थ पुरा करणारा राजा येणार आहे. आगमन रविवारी हे वचन वाचताना त्यामागे वेढ्याचा धूर आहे हे विसरू नये.

पुढे काय झाले? यिर्मयाला लोकांनी जबरीने मिसर देशात नेले (अध्याय ४३). अनाथोथचे शेत त्याने पुन्हा पाहिले असे शास्त्रात कोठेही नाही. बाबेल इ. स. पू. ५३९ मध्ये कोरेश राजाच्या हाती पडली आणि बंदिवानांना परत जाण्याची मोकळीक मिळाली. जे परतले त्यांची गावनिहाय यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. अशा याद्या आपण वाचनात गाळतो, कारण नावे अवघड असतात. पण २३ वे वचन काढा : अनाथोथचे लोक, १२८. नहेम्या ७:२७ मध्ये तोच आकडा आहे, आणि नहेम्या ११:३२ मध्ये अनाथोथ पुन्हा वस्तीचे गाव म्हणून येते. ते मडके कोणाला सापडले की नाही, हे लिहिलेले नाही.

आता नव्या करारात या. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की विश्वास ठेवणाऱ्यांवर पवित्र आत्म्याची मोहर केलेली आहे, आणि तो आत्मा वतनाचा विसार आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात येथे ‘विसार’ हा शब्द घातला, त्या भाषांतरकारांचे आपण आभार मानले पाहिजेत. मोहर, वतन, विसार, सोडवणूक : हे सर्व शब्द खरेदीखताच्या कागदावरचे आहेत. मूळ ग्रीक शब्दसुद्धा व्यापाऱ्यांनी पूर्वेकडून आणलेला सेमिटिक शब्द आहे. ज्याने कधी घर किंवा जमीन घेतली आहे त्याला विसार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. विसार ही नुसती शपथ नसते; ठरलेल्या रकमेतलाच तो एक भाग असतो. रुपयांचा व्यवहार असेल तर विसार रुपयांतच देतात. तो दिला की देणारा बांधला जातो.

आगमनकाळातल्या दोन आगमनांचा मेळ याच शब्दाने बसतो असे मला वाटते. बेथलेहेमात देवाने आशेविषयी नुसते बोलून न दाखवता आपला पुत्रच दिला. वधस्तंभावर पुरे मोल भरले. पुनरुत्थित प्रभूचा आत्मा आपल्याला विसार म्हणून मिळाला. ताबा मात्र अद्याप मिळावयाचा आहे. शेतावर अजून दुसऱ्याचे तंबू आहेत : मरण आहे, अन्याय आहे, आपले स्वतःचे पाप आहे. म्हणून रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात सृष्टी कण्हते आहे, आपणही कण्हत आहोत, असे आहे. विसार मिळालेला मनुष्य ताबा मिळेपर्यंत कण्हतो, त्यात अविश्वास नाही. हनन्याला कण्हणे ठाऊक नव्हते.

आता आपल्या घरचा प्रश्न. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या मराठी मंडळ्यांत भविष्याविषयीची काळजी एका ठरावीक रूपात समोर येते. इंदूर-ग्वाल्हेरकडे मुलांचे शिक्षण हिंदीत, वडोदऱ्यात गुजरातीत, बेळगावकडे कानडीत, हैदराबादेत तेलुगूत, आणि हल्ली सगळीकडेच इंग्रजीत. आजी मराठीत प्रार्थना करते, नातू ‘आमेन’ म्हणतो. शिकलेली मुले नोकरीसाठी दूर जातात. अशाच एका मंडळीच्या सभेत छपराच्या दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा एका वृद्ध सभासदांनी विचारले होते, “आणखी वीस वर्षांनी या बाकांवर बसणार कोण? मग छप्पर कोणासाठी?” सभेत कोणी उत्तर दिले नाही.

या प्रश्नाला हनन्याचे उत्तर देता येते : दोन वर्षांत मंदिर भरून वाहील. कुलूप लावून मोकळे व्हा, असेही सांगता येते. यिर्मयाचे उत्तर यांपैकी कोणतेच नाही, पण ते आपल्याला वाटते तितके सोयीचेही नाही. मराठी उपासना अमुक वर्षे चालू राहील, अमुक मंदिर टिकेल, असे अभिवचन देवाने कोणालाही दिलेले नाही. शलमोनाचे मंदिर जेथे टिकले नाही तेथे आपल्या कौलांचे काय? आपली आशा येणाऱ्या प्रभूवर आहे. कमिटीवर नाही, भाषेवरही नाही. नातवंडांनी प्रभूला कानडीतून किंवा हिंदीतून हाक मारली तर ती हाक कमी ऐकू जात नाही. बंदिवानांना पाठवलेल्या पत्रात यिर्मयाने हेच लिहिले होते : आहात तेथे घरे बांधा, बाग लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याचे हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा (२९:५-७). परमुलखात मुळे रोवण्याविषयीचे हे पत्र आपल्यासारख्यांनी वरचेवर वाचावे.

पण म्हणून छप्पर गळू द्यावे असे नाही. आपण जे सोडवून घेऊ शकतो, ते सोडवून घेण्याचा हक्क व कर्तव्य आपले आहे, पीक कोण कापील हे ठाऊक नसले तरी. चार मुले असली तरी वर्ग भरवावा. मराठी वाचता न येणाऱ्या मुलाला वचन त्याच्या शाळेच्या भाषेत शिकवावे आणि एक गीत तरी आजीच्या भाषेत शिकवावे. ‘उपासना संगीत’ त्याच्या हाती द्यावे, अक्षर लागले नाही तरी कानाला लागू द्यावे. आणि मडक्याचे म्हणाल, तर हे मी रूपक म्हणून लिहीत नाही : आपापल्या मंडळीचे बाप्तिस्म्याचे, विवाहाचे व दफनाचे जुने रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, त्याला वाळवी लागली आहे काय, जमिनीचे कागद कोणाच्या नावावर व कोणाच्या ताब्यात आहेत, त्यांच्या नकला काढून दुसऱ्या जागी ठेवल्या आहेत काय, हे या आगमनकाळात पंचांनी एकदा पाहून घ्यावे. यिर्मयाने दोन प्रती केल्या होत्या. आपल्या पुष्कळ मंडळ्यांत एकच असते, आणि तीही कोणाच्या तरी घरी. यावरून पुढे जे तंटे होतात त्यांविषयी येथे न लिहिलेले बरे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी थोडेसे. लहान मुलांना वेढा, बंदिवास हे शब्द जड जातात. त्यांना व्यवहार करून दाखवावा. एक मुलगा हनामेल, एक यिर्मया, एक बारूख. सतरा चिंचोके तराजूत तोलावे. दोन कागदांवर तोच मजकूर लिहून एक गुंडाळून दोऱ्याने बांधावा व मेणबत्तीचे मेण टाकून मोहर करावी. दुसरा उघडा ठेवावा. वर्गातली बाकीची मुले साक्षीदार, त्यांच्या सह्या घ्याव्या. मुले हमखास विचारतात, “त्याला शेत मिळाले का?” घाईने उत्तर देऊ नये. एज्रा २:२३ शोधावयास लावावे आणि आकडा फळ्यावर लिहावा.

मोठ्या वर्गात चर्चेसाठी हनन्या व यिर्मया यांचा सामना (अध्याय २८) अधिक उपयोगी पडतो. हनन्याचा संदेश त्या दिवशी मंदिरात ऐकला असता तर आपण कोणाच्या बाजूने उभे राहिलो असतो, हा प्रश्न प्रामाणिकपणे घ्यावा. ज्यांच्या घरी आजार किंवा बेकारी आहे असे सभासद वर्गात असतील तर यिर्मयाच्या प्रार्थनेवर (३२:१६-२५) वेळ द्यावा आणि त्यांना सल्ला देण्याचा मोह आवरावा.

पहिल्या आगमन रविवारी आपल्या वर्गातल्या प्रत्येकाने, दहा वर्षांनी आपल्या मंडळीत जे व्हावे असे वाटते आणि त्यासाठी या वर्षी आपण जे देणार आहोत, ते एका कागदावर लिहावे. ते कागद बांधून मडक्यात ठेवावे, तोंड मातीने लिंपावे आणि मडके उपासना मंदिरात कपाटावर ठेवावे. त्यावर वर्ष लिहावयास विसरू नये. कागदांची एक उघडी नकल सेक्रेटरीच्या फायलीत असू द्यावी.